कॉफी आली की उठायचं

झिवाना स्तोयकोव आणि मी चौथीपर्यंत एका बाकावर बसलो. बाईंनी एकदा ‘माझं घर’ असा निबंध लिहायला सांगितला. आम्ही सगळ्यांनी लिहिलं की आई प्रेमळ आहे, बाबा कष्टाळू आहेत, दारात तुतीचं झाड आहे. झिवानाने लिहिलं की जेवताना आजोबा खिडकीकडे बसतात, पावाचा पहिला तुकडा त्यांना, दुसरा गड्याला, आई उभ्यानेच खाते. आणि शुक्रवारी साऱ्या घराचा उपास असला तरी आजोबांच्या ताटात डुकराच्या चरबीचा तुकडा असतो, तो आजी पावाखाली लपवून वाढते. बाईंनी निबंध कौतुकाने वर्गात वाचला. संध्याकाळपर्यंत तो पाद्रीबाबांच्या कानावर गेला आणि झिवानाला घरी चोप बसला. दुसऱ्या दिवशी मला म्हणते, “परसे, खरं लिहिलं त्याचं काही नाही गं. न विचारता लिहिलं, म्हणून बसला मार.”

दहा वर्षांची पोर ती. तेव्हापासून कोणाच्या घरातलं बाहेर सांगायचं तर ती आधी विचारते. तिच्या या सवयीने यंदाच्या उपासकाळात माझे दोन दिवस फार वाईट गेले, पण ते पुढे.

शिकून ती शहरातल्या संग्रहालयात लागली. एकतीस वर्षं झाली. लग्न केलं नाही. सायकलवर गावोगाव हिंडायचं, जुने चरखे, सदरे, भरतकामाचे टॉवेल गोळा करायचे, हे तिचं कागदावरचं काम. खरी आवड मात्र तीच, चौथीतली. ती एखाद्याच्या स्वयंपाकघरात बसते, बटाटे सोलू लागते, आणि कोण कुठे बसलं, कोण कधी उठलं, कोणाचं बोलणं कोणी तोडलं, हे टिपून ठेवते. माझा नवरा ग्लिशा तिला ‘टिपणवाली’ म्हणतो. “काय टिपणवाले,” तो विचारतो, “आज किती वेळा शिंकलो मी?” ती वही बघून सांगते, “तीनदा. तिसऱ्या वेळेला परसिदाने ‘देव बरं करो’ म्हटलं नाही.”

या फेब्रुवारीत संचालकांनी तिला आमच्या बेली बुनार गावी टॉवेलांसाठी पाठवलं. ती आमच्या पुढच्या खोलीत उतरली. आणि मी, देव मला क्षमा करो, तिला टॉवेलांपासून ओढून काढलं.

कारण होतं स्मिलिया. स्मिलिया आमच्या समोरच्या घरात राहते. पंच्याण्णवच्या सप्टेंबरात लढाईपुढे पळत ती आणि तिच्याकडची माणसं बोस्नियाहून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधून आली. त्यातली सहा घरं आमच्या गावात राहिली. माणसं आमचीच, भाषा आमचीच, क्रूसाची खूणही आमच्यासारखीच तीन बोटांनी करणारी. आम्ही पलंग दिले, रजया दिल्या, कोंबड्या दिल्या. हे खरं आहे, आणि आम्ही ते जरा जास्तच लक्षात ठेवलं. स्मिलियाचा नवरा इथे आल्यावर दोन वर्षांत गेला. मुलगी लग्न होऊन ऑस्ट्रियात, लिंत्सला. तिच्या अंगणात सरळ रेषेत लावलेला कांदा बघितला की मला दर वसंतात माझ्या अंगणाची लाज वाटते.

नऊ वर्षं आम्ही समोरासमोर राहिलो, आणि नऊ वर्षं ती मला ‘शेजारीणबाई’ आणि ‘तुम्ही’च म्हणत राहिली.

गावात त्यांच्याबद्दल काय बोलायचे ते लपवून काय उपयोग. आमच्या चर्चच्या बायकांचा मंगळवारचा गट आहे. सभागृहात जमून आम्ही शेवया करतो, कोणाच्या श्राद्धाचा गहू शिजवतो, सणाचा पाव मळतो. गटाची पुढारी देसांका, जिभेने तिखट आणि हाताने सढळ. ती म्हणायची, “या बोस्नियावाल्या येतात, खातात, आणि जरा बसून बोलायची वेळ आली की यांच्या पायाला भिंगरी. आपली गोष्ट ऐकायला थांबत नाहीत, स्वतःची सांगत नाहीत. गर्व आहे गर्व.” आणि पलीकडून वाऱ्यावर यायचं ते असं, की बेली बुनारच्या बायका वाढतात भरपूर पण माणसाला बसू देत नाहीत. हे ऐकून देसांकाचा पारा चढला. “बसू देत नाही? मी काय त्यांच्या खुर्चीवर तवा ठेवते?” गेल्या शरदात त्या सहाही जणी मंगळवारी यायच्या बंद झाल्या.

मग जानेवारीत स्मिलियाच्या खिडकीत पुठ्ठा लागला. ‘घर विकणे आहे.’

उपासकाळ लागण्याआधीच्या रविवारी आमच्यात एकमेकांची क्षमा मागायची रीत आहे. मी रस्ता ओलांडून गेले. म्हटलं, “स्मिलिया, काही चुकलं असेल तर माफ करा.” तिने फाटकातच सांगितलं, “देव माफ करो, शेजारीणबाई, तुम्हीही मला करा.” आणि ती खाली बघत राहिली. घरी येऊन मी तसबिरीपुढचा दिवा लावला आणि रडले. क्षमा मागितली खरी, पण कशाची मागितली तेच मला ठाऊक नव्हतं. जे मला ठाऊक नाही ते मी कसं टाळणार? ती लिंत्सला जाईल, तिथे चौथ्या मजल्यावर एका खिडकीत बसेल, आणि ते माझ्यामुळे. गिऱ्हाईक ईस्टर झाल्यावर घर बघायला येणार होतं.

हे सगळं मी झिवानाला सांगितलं. “तू माणसांचा अभ्यास करतेस ना? मग सांग, मी या बाईचं काय वाकडं केलं?”

“तिला विचारलंस?”

“विचारलं. ‘काही नाही’ म्हणाली.”

“मग विचारून मिळायचं नाही. विचारलं की माणूस चांगलं वागतो. बसावं लागेल.”

“कुठे?”

“दोन्हीकडे,” ती म्हणाली आणि बूट घातले.

तीन आठवडे ती बसली. सकाळी आमच्यात, मंगळवारी सभागृहात आणि एरवी कोणाच्या स्वयंपाकघरात, दुपारी त्यांच्यातल्या कोणाच्या तरी घरी. आधी तिला वाटलं की भांडण बोलीचं आहे. दुधाला, पावाला त्या जरा वेगळं म्हणतात, आणि देसांका त्यांची हुबेहूब नक्कल करते. झिवानाने मोजलं, एका सकाळी अकरा वेळा. मी म्हटलं, “बघ, हेच!” पण पुढच्या आठवड्यात तिने तेवढं पान आडवी रेघ मारून खोडून टाकलं. म्हणाली, “त्यापण देसांकाची नक्कल करतात घरी. काय सुंदर करतात! हसतात, डोळे पुसतात. ज्यांची इतकी हौसेने नक्कल करायची त्यांच्यावर एवढ्याने कोणी रुसत नाही. दुसरं काहीतरी आहे, आणि ते कोणालाच दिसत नाहीये, कारण सगळ्यांना ते सरळ वाटतंय.”

मला वाटलं, झालं, ही आता टॉवेलांकडे वळणार.

मग एका मंगळवारी ती स्मिलियाकडून घरी आली ती कानापर्यंत लाल होऊन. कोट न काढता स्टुलावर बसली आणि हसायला लागली.

“परसे, मला आज घराबाहेर काढलं.”

“स्मिलियाने? स्मिलिया मुंगीलाही बाहेर काढत नाही!”

“काढलं. आणि बरोबर काढलं. मीच म्हैस.”

“अगं, झालं काय?”

ती कोटाची बटणं काढायला लागली. “हे तिच्या घरात झालं. तिला विचारल्याशिवाय सांगता येणार नाही.”

“झिवाना, आपण एका बाकावर बसलोय!”

“म्हणूनच तर. तुझी वही दाखवशील?”

माझी रोजची एक वही असते. सासूबाईंची होती, ती संपल्यावर मी नवी केली. आज कोणता संत, उपास नुसत्या पाण्यावरचा की तेल चालणारा, कोण आलं, काय वाढलं, कोणासाठी दिवा लावला. त्यात लपवण्यासारखं काही नाही, फक्त ग्लिशाबद्दल कधीकधी दोन ओळी जास्त असतात. मी नऊ वर्षांच्या वह्या तिच्यापुढे ठेवल्या. ती दोन दिवस त्या वाचत बसली, पेन्सिलने छोट्या खुणा करत. मी भांडी आपटत होते. ग्लिशा म्हणाला, “माझ्याबद्दल काय आहे ते मोठ्याने वाच.” ती म्हणाली, “त्यासाठी परसिदाची परवानगी लागेल.”

गुरुवारी तिने विचारलं, “स्मिलिया किती वेळा आली तुझ्याकडे, माहितीय? एकेचाळीस वेळा. अडतीस वेळा तू काय लिहिलंयस?” आणि तिने वाचलं. “‘साखरपाकातल्या चेरी, पाणी. खसखशीचा रोल. कॉफी दिली. लगेच गेली.’ ‘आलुबुखारांचा जॅम, पाणी. भोपळ्याची पेस्ट्री. कॉफी दिली. लगेच गेली, कप तसाच.’ हे असंच शेवटपर्यंत. आणि उरलेल्या तीन वेळा?”

तिने बोट ठेवलं ती माझीच अक्षरं. एप्रिल नव्व्याण्णव, बॉम्ब पडत होते तो वसंत. ‘स्मिलिया आली. अंधार पडेपर्यंत बसली. मुलीबद्दल बोलली. पुष्कळ हसलो. कॉफी संपली, दुकानातही नाही.’

मी दोनदा वाचलं. तिन्ही वेळा घरात कॉफी नव्हती.

“म्हणजे माझी कॉफी वाईट असते?” मी विचारलं.

झिवानाने कपाळावर हात मारला. “स्मिलिया आज तुझा साचा परत द्यायला येणार आहे. मी तिला विचारून ठेवलंय, तुझ्यासमोर बोललं तर चालेल का. ती म्हणाली, ‘आता जायचंच आहे, चालेल.’ तू नेहमीसारखं सगळं कर. काही बदलू नकोस.”

चार वाजता स्मिलिया आली. धुऊन लखलखीत केलेला केकचा साचा टेबलावर ठेवला. खुर्चीच्या कडेवर बसली, अंगात कोट तसाच. मी चेरीची बशी आणि पाणी ठेवलं. मग तेलातला खसखशीचा रोल कापला, उपास होता म्हणून. झिवाना खिडकीशी सूत गुंडाळत होती. हवेबद्दल बोलणं झालं, कांद्याबद्दल झालं. सकाळपासून मी उभी, गुडघे बोलत होते. म्हटलं, आता एकदाची कॉफी टाकावी आणि टेकावं. कॉफी वर आली, मी तीन कप भरले, स्मिलियापुढे कप ठेवला आणि माझी खुर्ची ओढली.

स्मिलिया उठली. “बरं, शेजारीणबाई, येते.”

“थांबा दोघी,” झिवाना म्हणाली. “परसिदा, तू आता काय करणार होतीस?”

“मी? बसणार होते. काम झालं, आता निवांत बोलणार होते.”

“आणि स्मिलिया, तू?”

“मी निघणार होते. बाईंनी सांगितलं ना.”

“मी?” मी म्हटलं. “मी तर तोंडही उघडलं नाही!”

“तोंडाने नाही,” स्मिलिया म्हणाली. “कपाने.”

मी कपाकडे बघितलं. निळ्या फुलांचा साधा कप, सासूबाईंचा.

मग स्मिलिया बोलायला लागली, उभ्यानेच, खाली बघत. त्यांच्याकडे माणूस दारात आलं की आधी कॉफी. कोट काढायच्या आत. तिला म्हणतात ‘दारातली’. मग बसून बोलताना दुसरी, ती ‘गप्पांतली’. आणि घरातल्यांना काम असलं, किंवा पाहुणा हलायलाच तयार नसला, की सगळ्यात शेवटी एक कॉफी येते. तिचं नाव घ्यायला तिला लाज वाटत होती.

“बोल गं,” झिवाना म्हणाली. “मी प्यालेय ती. मंगळवारी. आणि पिऊन वर तासभर बसले. मग हिने माझ्या पायाखालून झाडू मारायला सुरुवात केली, तरी मी पाय उचलले आणि बसूनच राहिले.”

“म्हटलं, देवा, ही लालाबाई आता झोपायलाच राहते की काय!” स्मिलिया म्हणाली. आम्हा इकडच्या, बनात भागातल्या लोकांना बाहेरचे ‘लाला’ म्हणतात, जागचे न हलणारे म्हणून. “शेवटी बोलले, बाई, तू हाकलणी प्यालीस, आता तरी ऊठ.”

“हाकलणी?”

“हाकलणी. त्या कॉफीचं नाव.” आणि आता तिने माझ्याकडे बघितलं. “शेजारीणबाई, तुमच्याकडे दारातली कधी आलीच नाही. मी मनात म्हणायची, ठीक आहे, यांच्याकडे गोड आधी. चेरी देतात, रोल देतात, म्हणजे वाईट नाही मनात. आता बोलू. तेवढ्यात तुमचा कप यायचा. धप्. नऊ वर्षं.”

“अगं बाई,” मी म्हटलं, “अगं बाई, अगं बाई.” मी कपाकडे बोट केलं. “आमच्याकडे कॉफी म्हणजे ‘आता मी बसते’! सगळं वाढून झालं, हात मोकळे झाले, आता सांग तुझं, असं! मी आजवर कोणालाही कॉफी देऊन घालवलेलं नाही!”

“आणि मी दर वेळेला नेमकी तेव्हाच...”

“नेमकी तेव्हाच! मी खुर्ची ओढली की तू उभी! मी म्हणायचे, माझ्या तोंडाला वास येतो की काय!”

झिवानाने वही बंद केली. मला वाटलं आता हसू येईल, आणि आलंच होतं ओठांवर, तोच मला एक दिवस आठवला. वहीत बघायची गरज नव्हती. स्मिलियाच्या नवऱ्याला जाऊन चाळीस दिवस झाले होते. प्रार्थना झाल्यावर ती माझ्याकडे आली. पाऊस होता. तिचा चेहरा बघून मी म्हटलं, हिला बोलायचंय. म्हणून मी चेरी नाही, पाणी नाही, काही नाही, घाईघाईने सरळ कॉफीच टाकली, लवकर तिच्याजवळ बसता यावं म्हणून. कप ठेवला. ती माझ्याकडे बघत राहिली आणि तशीच पावसात निघून गेली. आणि मी वहीत लिहिलं, ‘किती कोरडी बाई.’

मी ते तिला सांगितलं. शेवटची ओळसुद्धा. माझ्याच्याने लपवलं गेलं नाही.

स्मिलिया खाली बसली. बराच वेळ कपाची कड बोटाने पुसत राहिली. मग म्हणाली, “त्या दिवशी वाटलं, एका कॉफीचीपण नाही वेळ यांना. सरळ हाकलणी.” आणि रडायला लागली. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. मीही रडले, आणि मधेच हसू फुटलं, कारण तिचा हात टेबलावरून कपाकडे गेला आणि ती ती कॉफी प्यायला लागली. थंडगार, गाळासकट.

“गार झालीय,” मी म्हटलं. “दुसरी टाकते.”

“टाक,” ती म्हणाली. “अगं पण नाव सांग तिचं. कुठली आहे ही?”

नऊ वर्षांत पहिल्यांदा ‘अगं’. मी जेझवा म्हणजे आमचं लांब दांड्याचं भांडं धुवायला पाठ फिरवली, माझा चेहरा दिसू नये म्हणून. देवाचे किती आभार मानले ते शब्दांत नाही. छातीवर ठेवलेला जात्याचा दगड कोणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. क्षमेच्या रविवारी मागितलेलं आता कुठे माझ्या हाती आलं होतं, नावासकट.

सहाला ग्लिशा आला. सातला त्याने दारातून डोकावून मला खूण केली, जेवणाचं काय? आठला तो झिवानाला बारीक आवाजात म्हणाला, “टिपणवाले, ती शेवटची कॉफी कशी करायची ते लिहून घेतलंस का?” स्मिलियाने ऐकलं. “ग्लिशा, बाबा, तुमच्याकडे तसली कॉफीच नसते,” ती म्हणाली, “आता मी उठतेय कशाला!”

पुढचं सगळं इतकं गोड झालं नाही. झिवानाने सहाही जणींची परवानगी घेऊन मंगळवारी सभागृहात ही गोष्ट सांगितली. देसांका कमरेवर हात ठेवून ऐकत होती. “म्हणजे मी आता दोनदा कॉफी करायची? आल्या आल्या एकदा आणि बसताना एकदा?”

“तू करू नकोस,” स्मिलिया म्हणाली. ती माझ्याबरोबर आली होती. “दारातली मी करीन. तू ओततेस ती कॉफी नव्हे, भांडी धुतलेलं पाणी आहे.”

देसांकाचे हात कमरेवरून खाली आले. मग देसांकाने तिची हुबेहूब नक्कल केली, स्मिलियाने देसांकाची केली, आणि पाद्रीबाबा आतून बघायला आले की एवढं काय कोसळलं. पण सहांपैकी दोघी अजून येत नाहीत. एकीचं म्हणणं, नऊ वर्षं ती नऊ वर्षं. तिच्याकडे मी दोनदा जाऊन आले. दारातली कॉफी मिळाली, गप्पांतली अजून नाही. झिवाना म्हणते, घाई करू नकोस, नुसती बसत जा.

ती स्वतः गेल्या आठवड्यात शहरात परतली. इतक्या आठवड्यांत टॉवेल मिळाले फक्त चार, त्यातले दोन माझे. संचालक रागावले असतील. मी विचारलं, “काय सांगशील त्यांना?” म्हणाली, “सांगीन की कॉफीवर लिहिलंय. फाडून टाकतील, नाहीतर छापतील. तुम्हा दोघींची नावं बदलून घालीन, हे तुम्हाला विचारून ठेवते.” स्मिलिया म्हणाली, “माझं नाव बदलायचं नाही. हिचं बदल, हिने हाकललंय.” सायकलवर बसता बसता झिवानाने वही काढली आणि ते वाक्य टिपून घेतलं. लहानपणापासून लोक तिला म्हणत आले, तुला दुसऱ्यांच्या घरात काय बघायचं असतं? मीही म्हटलं आहे. आता म्हणणार नाही.

आज लाझारचा शनिवार, ईस्टरला आठ दिवस. सकाळी स्मिलियाने माझ्या स्वयंपाकघरातल्या फोनवरून त्या गिऱ्हाईकाला कळवलं. मी विलोच्या फांद्या निवडत होते, उद्याच्या चर्चसाठी.

“नाही हो, विकायचं नाही,” ती सांगत होती. “नाही, दुसरं गिऱ्हाईक नाही. भावही नाही वाढवायचा. मी राहणार आहे. कारण? कारण काय सांगू तुम्हाला, मला इथे बसायचंय.”

मग तिने लिंत्सला लावला. मुलगी मोठ्याने बोलत होती, मला इथपर्यंत ऐकू येत होतं. स्मिलियाने फोन कानापासून लांब धरला आणि मला डोळा मारला.

“येईन गं राणी, येईन. उन्हाळ्यात महिनाभर राहायला येईन. महिनाच. माझा कांदा कोण बघणार? परसिदा? तिचा कांदा बघितलायस तू?”